तिन्हीसांजेची साखर

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीवरून एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलीला दीड वर्षापासून मधुमेह. आईच्या हातात दोनशे पानी वही आणि वहीत रोजचे आकडे. संध्याकाळी साडेपाचला ५८, रात्री आठला ३१२, सकाळी उठल्यावर २४०. दुसऱ्या दिवशी ६४, २९०, २२५. पुढेही पानोपान तेच.

"डॉक्टर, पोरगी चोरून खाती बघा. दिवसभर बरी असती, दिवेलागणीला काय होतं तेच कळंना," आई म्हणाली. मुलगी खाली मान घालून बसली होती.

दवाखान्यात गर्दी होती. मी वहीवर नजर टाकली, मुलीला दोन शब्द सुनावले, संध्याकाळचे इन्शुलिन थोडे वाढवले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास दारावर थापा पडल्या. वडील आणि चुलते मोटारसायकलवर मुलीला मध्ये धरून घेऊन आले होते. अंग घामाने निथळत होते, घरी एक झटका येऊन गेला होता. साखर भरली ३४. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर काही वेळाने तिने डोळे उघडले आणि आईकडे बघून पहिले वाक्य बोलली, "मी काय नाय खाल्लं."

तिने खरोखरच चोरून काही खाल्ले नव्हते. चूक तिची नव्हती, माझी होती. ती चूक कशी झाली आणि आपल्या घरात ती होऊ नये म्हणून काय करता येईल, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

हा मधुमेह वेगळा

आपल्याकडे मधुमेह म्हटले की पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तो टाइप २. त्या मधुमेहाची मुळे जन्माच्याही आधीपासून कशी रुजतात, याचा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केला आणि तो जगभर गाजला. लहान मुलांत बहुतेक वेळा आढळतो तो टाइप १, आणि त्याची गोष्ट निराळी आहे. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने हा रोग होत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्ले, याचा दोषही तिच्या माथी मारू नये. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना हा मधुमेह आहे.

अशा मुलाला इन्शुलिनला पर्याय नाही. कारल्याचा रस, काढा, पुडी, अंगारा यांपैकी कशानेही इन्शुलिनचे काम होत नाही. १९२२ च्या आधी या मुलांना जगवण्याचा एकच उपाय डॉक्टरांना ठाऊक होता, तो म्हणजे उपाशी ठेवणे. मुले हाडांचा सापळा होऊन काही महिने जास्त जगत, इतकेच. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले आणि तो उपासमारीचा काळ संपला. असे असूनही आजसुद्धा वहीत ३०० चा आकडा दिसला की "आज हिला जेवण देऊ नका" असे म्हणणारे घरोघरी भेटतात. शंभर वर्षांपूर्वी टाकून दिलेला उपाय आपण अजून वापरतो आहोत.

संध्याकाळीच असे का?

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मी आईला समोर बसवले आणि मुलीचा दिवस तासातासाने विचारला. पहिल्याच भेटीत जे विचारायला हवे होते, ते तेव्हा विचारले.

मुलगी सकाळी साडेसातला मिश्र इन्शुलिन घ्यायची. या बाटलीत तीस भाग लवकर काम करणारे आणि सत्तर भाग सावकाश काम करणारे इन्शुलिन असते. सावकाश भागाचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांनी असतो. म्हणजे सकाळी साडेसातच्या इंजेक्शनचा जोर दुपारी बारापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत. शाळेत एक-दीडला खिचडी मिळायची. त्यानंतर पाच वाजेपर्यंत पोटात काही नाही. पाचला शाळा सुटली की मैदानावर तासभर कबड्डीचा सराव. इन्शुलिनचा जोर चालू, पोट रिकामे आणि वर खेळ. खेळताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. तिची साखर ५८ झाली यात नवल काय?

मग पोरगी थरथरत घरी यायची. आई घाबरून गोड चहा द्यायची, बरोबर अर्धा पुडा बिस्किटे, एक केळे, आणि आजी मायेने एक लाडू. त्या वयाच्या, तीस किलो वजनाच्या मुलीला त्या वेळी गरज असते साधारण दहा ग्रॅम साखरेची. पोटात जात होती त्याच्या पाचसहा पट. शिवाय साखर खूप उतरली की शरीर स्वतःही घाबरते आणि यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडते. दोन्ही मिळून रात्री आठला ३१२.

तो आकडा पाहून मी संध्याकाळचे इन्शुलिन वाढवले. तेही मिश्रच. रात्री आठला टोचलेल्या इन्शुलिनच्या सावकाश भागाचा जोर मध्यरात्रीनंतर सुरू झाला. वडील रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, ते येईपर्यंत घरात पान वाढले जात नसे. त्या दिवशी ते उशिरा आले, तोवर मुलगी पेंगुळलेली, दोन घास खाऊन झोपली. त्यातच खेळाचा परिणाम मैदानावरच संपत नाही. खेळून रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास, अगदी रात्रभर, साखर ओढत राहतात. रात्री दोनला ३४ झाली ती अशी.

वाचकहो, या सगळ्यात चोरून खाणे कुठे आहे? आठच्या ३१२ चे कारण साडेपाचच्या ५८ मध्ये होते, आणि ५८ चे कारण सकाळच्या इंजेक्शनात, दुपारच्या रिकाम्या पोटात आणि कबड्डीत होते. मी मात्र समोरच्या आकड्यावर इलाज केला. संध्याकाळच्या साखरेबाबत ही एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: हातातल्या आकड्याकडे बघण्याआधी मागच्या तीन-चार तासांत काय घडले ते बघा. इन्शुलिन कधी व किती, खाणे काय, खेळ किती आणि इंजेक्शन कुठे टोचले, या चार प्रश्नांत बहुतेक वेळा उत्तर सापडते.

साखर उतरली तर

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजावी. हात थरथरणे, घाम, भूक, चेहरा पांढरा पडणे, चिडचिड, गप्प बसणे, उगीच रडणे ही लक्षणे. "पोरगं आज हट्ट करतंय" असे वाटले तर रागावण्याआधी साखर तपासा. यंत्र जवळ नसेल तर साखर कमी आहे असे धरूनच चाला.

दोन ते तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटे थांबा. पुन्हा तपासा. ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. ही पंधरा मिनिटे थांबणे आईला सर्वांत जड जाते, आणि संध्याकाळचा झोका आवरण्याची किल्ली तीच आहे. चॉकलेट, पेढा, लाडू, दूध यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून ते या वेळी कामाचे नाहीत. साखर वर आल्यावर जेवणाला वेळ असेल तर अर्धी भाकरी किंवा एक पोळी द्यावी.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटका येत असेल तर तोंडात पाणी, चहा काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. मुलाला एका कुशीवर वळवा. ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरी असेल आणि ते द्यायला शिकवले असेल तर द्या. ते नसेल तर बोटाने थोडे ग्लुकोज किंवा मध गालाच्या आतून चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

साखर चढली तर

जेवण तोडू नका आणि इन्शुलिन तर कधीच बंद करू नका. आधी मुलाचे हात साबणाने धुऊन पुन्हा तपासा. आमच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. गुळाचा खडा खाल्लेल्या किंवा उसाचे कांडे सोललेल्या बोटावर यंत्र तीनशेचा आकडा दाखवते आणि घरात रडारड होते. हात धुतल्यावर तोच आकडा दीडशे निघालेला मी पाहिला आहे.

खरोखरच साखर वाढली असेल तर पाणी भरपूर द्या आणि डॉक्टरांनी लिहून दिले असेल तेवढेच जादा इन्शुलिन द्या. त्यानंतर तासाभराने साखर अजून वरच दिसली म्हणून घाईने पुन्हा टोचू नका. आधीचे इन्शुलिन अजून काम करत असते. लवकर काम करणाऱ्या आधुनिक इन्शुलिनचा असर तीन ते पाच तास राहतो, जुन्या साध्या इन्शुलिनचा सहा ते आठ तास. एकावर एक डोस चढत गेले की मध्यरात्री साखर कोसळते.

मात्र साखर वाढलेली असताना उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, अंगात गळाठा यांपैकी काही असेल तर घरी थांबू नका. रक्तात आम्ले साचल्याची ती खूण आहे. अशा मुलाला त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्यावे.

दौंडचा सिरिंजचा घोळ

आठवड्यातून एक दिवस मी दौंडला जातो. तिथे रेल्वेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांचा नऊ वर्षांचा मुलगा येतो. त्याची साखर महिनाभर कशानेच खाली येईना. डोस वाढवत नेला तरी संध्याकाळी साडेतीनशे. एके दिवशी मी आईला म्हटले, "ताई, तुम्ही औषध भरता कसे, ते माझ्यासमोर भरून दाखवा." त्यांनी पिशवीतून सिरिंज काढली आणि सगळा उलगडा झाला.

आपल्याकडे इन्शुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज येते. पेनमधल्या कार्ट्रिजचे आणि काही बाटल्यांचे औषध १०० चे असते, त्यासाठी केशरी टोपणाची सिरिंज. या आईला दुकानातून केशरी टोपणाची सिरिंज मिळाली होती आणि बाटली होती ४० ची. दहाच्या रेघेपर्यंत भरले की प्रत्यक्षात चारच युनिट जात होते. उलट घोळ झाला, १०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने भरले, तर दहाच्या जागी पंचवीस युनिट जातात आणि मुलाच्या जिवावर बेतते. म्हणून औषध घेताना दर वेळी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहा. चूक लक्षात आली तरी सिरिंज परस्पर बदलू नका. चुकीच्या सिरिंजवर वाढवत नेलेला डोस बरोबर सिरिंजने दिला तर साखर एकदम कोसळेल. डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

त्याच मुलाच्या मांडीवर एक मऊ गाठ होती. रोज त्याच जागी टोचत गेले की कातडीखाली अशी गाठ बनते. तिथे दुखत कमी, म्हणून मुले तिथेच टोचा म्हणतात. पण गाठीतून इन्शुलिन कधी शोषले जाते, कधी नाही. पोट, मांड्या, दंड आणि कुल्ले अशा जागा बदलत राहाव्यात. खेळायला जाण्याआधीचे इंजेक्शन शक्यतो मांडीत देऊ नये, कारण पळताना तिथून औषध लवकर ओढले जाते.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बंद बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्शुलिन फेकून द्यावे लागते. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालावी, त्यात लहान मडके बसवावे, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवावी, वर झाकण घालून सावलीत ठेवावे आणि वाळू रोज ओली करावी. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. मोटारसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या खिडकीत ठेवलेले औषध बाहेरून चांगले दिसले तरी त्यातला दम गेलेला असतो.

खेळ बंद करू नका

झटक्याच्या त्या रात्रीनंतर घरच्यांनी कबड्डी बंद केली. मुलगी तीन दिवस कुणाशी बोलली नाही. मी म्हटले, खेळ बंद करायचा नाही, खेळाची तयारी करायची. खेळण्यापूर्वी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज घेऊन ती वर येऊ द्यावी. सव्वाशे ते १८० च्या दरम्यान असेल तर उत्तम. २७० च्या वर असेल आणि लघवीत किंवा रक्तात कीटोन असतील, तर त्या दिवशी खेळू नये. सराव लांबणार असेल तर मध्ये अर्धे केळे. खिशात ग्लुकोजची पुडी कायम. ज्या दिवशी दमछाक झाली, त्या रात्री झोपताना साखर सव्वाशेच्या खाली असेल तर थोडे खायला द्यावे आणि दोन-तीनच्या सुमारास एकदा तपासावे. खेळाच्या दिवशी इन्शुलिन किती कमी करायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मनाने करू नये.

तिला मी पुण्याला बालमधुमेहाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. पुण्यात केईएम व जहांगीर या रुग्णालयांत अशा मुलांवर उपचार करणारे अनुभवी डॉक्टर आहेत. तिथे तिचे मिश्र इन्शुलिन बदलून दिवसातून एकदा दीर्घकाळ टिकणारे आणि प्रत्येक जेवणाआधी लवकर काम करणारे, अशी चार इंजेक्शने सुरू झाली. चार टोचण्या ऐकून आजींनी डोळ्यांला पदर लावला. पण या पद्धतीत इन्शुलिन जेवणाच्या मागे जाते, जेवणाला इन्शुलिनच्या मागे धावावे लागत नाही. वडिलांना उशीर झाला तरी मुलीने आपल्या वेळेला जेवायचे, हेही घरात ठरले. दंडावर लावायचे सेन्सरही आता मिळतात. पैसे असतील त्यांनी जरूर वापरावेत. पण ते नसतील तर बोट टोचून भरलेली वही काही कमी नाही.

तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीवरही विसंबू नका. ६० आणि ३०० यांची सरासरी १८० येते. कागदावर ती फार वाईट दिसत नाही. त्या दोन आकड्यांमधला झोका मात्र मूल रोज सोसत असते.

लपवू नका

शेवटची गोष्ट औषधाची नाही. त्या मुलीच्या शाळेत एकाही शिक्षकाला तिचा आजार ठाऊक नव्हता. "पोरीची जात, उद्या लग्नाला अडचण येईल," म्हणून घरच्यांनी लपवले होते. मैदानावर ती एकदा भोवळ येऊन बसली, तेव्हा सरांना वाटले ती सरावाला कंटाळली. त्यांनी तिला आणखी एक फेरी मारायला लावली. त्यांचा तरी काय दोष?

वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि एक जवळची मैत्रीण, निदान या तिघांना तरी सांगितलेच पाहिजे. परीक्षेत अशा मुलांना खाऊ जवळ ठेवण्याची मुभा केंद्रीय शिक्षण मंडळाने २०१७ साली दिली. राष्ट्रीय बालहक्क आयोगानेही २०२३ साली राज्यांना पत्र लिहून शाळांनी साखर तपासणे, इन्शुलिन घेणे व मधला खाऊ यांची परवानगी द्यावी, असे सुचवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप १ मधुमेहासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुख्याध्यापकांना भेटताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. बहुतेक शिक्षक समजून घेतात, सांगायला मात्र कुणी तरी हवे.

आता त्या वहीत पाच रकाने आहेत: वेळ, साखर, इन्शुलिन किती व कुठे, काय खाल्ले, काय खेळले. वही मुलगी स्वतः भरते. साखर अजूनही कधी १७०, कधी २१० होते. रोज सरळ रेघ येणार नाही, आणि तशी अपेक्षा धरून मुलाला धाकात ठेवूही नये. पण ५८ आणि ३१२ चा तो झोका थांबला आहे. गेल्या महिन्यात ती तपासणीला आली, तेव्हा ढोपर फुटलेले होते. मी विचारले, "हे काय?" तर म्हणाली, "चढाईत लागलं."

जखम धुऊन पट्टी बांधली आणि मग वही मागितली. वही वाचायला या वेळी मी वीस मिनिटे घेतली. बाहेर गर्दी होतीच, ती थोडी थांबली.